ऐकायला लहान, नांदायला मोठी?

ताई, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यातला शेतकरी, केळीची बाग आहे. मुलगी आठवीत, मुलगा सहावीत, दोघं गावच्या हायस्कूलला जातात. दिवाळीनंतर शाळेत वाढत्या वयाबद्दल तास सुरू होणार, आणि सगळ्यांना बसावंच लागेल, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं. यावर गावात गरमागरमी झाली. पालकांनी अर्ज तयार केला आहे : लैंगिक शिक्षण सक्तीचं नको, ज्यांचे आईबाप लेखी परवानगी देतील त्याच मुलांना बसवा. पहिली सही माझे मोठे भाऊ आबा यांची. मी पालक-शिक्षक संघात आहे, म्हणून सगळे माझ्या सहीसाठी थांबलेत. बायको म्हणते, मुलीला मी सांगते, मुलाचं तुम्ही बघा. पण माझं तोंड उघडत नाही. आम्हाला तरी कोणी काय सांगितलं होतं? संसार झालेच ना! शनिवारी सभा आहे. सही करू की नको?
– एक पालक, तालुका यावल

भाऊ, नमस्कार.

सही करू नका. उत्तर आधीच देऊन टाकलं, म्हणजे शनिवारच्या आत बाकीचं वाचायला सवड झाली नाही तरी अडणार नाही. सवड झाली तर मात्र वाचा. कारण सही नाकारली की आबा कारण विचारणार, आणि ‘सदरातल्या बाईंनी सांगितलं’ हे काही पारावर टिकणारं कारण नाही.

अर्जातली मागणी दिसायला फार सोज्वळ आहे. ज्यांना हवं त्यांना शिकवा, ज्यांना नको त्यांची मुलं सोडा, कुणावर जबरदस्ती नको. पण ती परवानगीची चिठ्ठी घरोघरी गेली की काय होईल, ते बघा. ज्या घरात आई लेकीशी बोलते, त्या घरातून होकार येईल. त्या मुलीला हा तास मिळाला नसता तरी तिचं फारसं बिघडलं नसतं. नकार येईल तो ज्या घरात या विषयाचा श्वाससुद्धा काढायचा नाही तिथून. आणि एखाद्या घरातून नकार अशासाठी येईल, की मुलीने किंवा मुलाने तोंड उघडलेलं त्या घरातल्या कर्त्या माणसाला परवडणारं नाही.

हे ऐकायला कडू आहे. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून २००७ साली एक अहवाल काढला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास भोगल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आणि भोगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते, ही गोष्ट आपल्याकडे कोणी उच्चारतही नाही. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील असं धरून चाला हवं तर. तरी त्या चिठ्ठीवर सही करायचा हक्क ज्याच्या हातात देताय तो कोण आहे, हे शाळेला कळायचा काही मार्ग नाही. म्हणून मी सक्तीच्या बाजूने आहे. बाकी सगळी कारणं यानंतरची.

मी विज्ञान शिकवायची, याच जिल्ह्यात, अनुदानित शाळेत. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, पाळीचं चक्र आहे, जुळी कशी होतात तेही आहे. बोर्डात त्यावर प्रश्न येतो. आणि कितीतरी वर्गांत हा धडा ‘घरी वाचून या’ या तीन शब्दांत संपतो. शिकवणारे सर तरुण असतील तर कानापर्यंत लाल होतात, वयस्क असतील तर त्यांना नेमका त्याच आठवड्यात सराव परीक्षेचा पोर्शन आठवतो. मुलं तो धडा वाचतात, चांगला दहादा वाचतात, आणि त्यात ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तो प्रश्न मोठ्या मुलाला विचारतात. मोठ्या मुलाला काही माहीत नसतं. पण तो उत्तर देतोच.

म्हणून मी वर्गात बुटांचा खोका ठेवायची, झाकणाला पोस्टाच्या पेटीसारखी चीर पाडून. नाव लिहायचं नाही, सगळ्यांनी एकेक चिठ्ठी टाकायची, ज्याला काही विचारायचं नसेल त्याने कोरा कागद टाकायचा, म्हणजे कोणी विचारलं ते कुणालाच कळत नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काही जण डाव्या हाताने लिहायचे. चिठ्ठ्या घरी नेऊन जेवणं आटोपल्यावर उघडायची. ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का?’ ‘माझ्या छातीत एका बाजूला गाठ आहे, कॅन्सर असेल का?’ ही एका मुलाची होती. त्या वयात मुलांच्या छातीतही अशी दुखरी गाठ येते, बहुतेकदा आपोआप जाते, आणि हा बिचारा कित्येक महिने मरणाची वाट बघत बसलेला. ‘मिठी मारली तर पोट येतं का?’ ‘मिशी उशिरा आली तर मूल होत नाही, हे खरं का?’ हसू यायचं, आणि लगेच जायचंही. आणि मग एखादी चिठ्ठी अशी निघायची : ‘आमच्या घरी एक जण येतात. मला जवळ बसवतात, ते मला नको वाटतं. आईला सांगितलं तर माझी शाळा बंद होईल.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. त्या मुलीला चूक कुणाची आहे हे कळत होतं. तरी शिक्षा तिलाच होणार, हेही तिला आधीच माहीत होतं. तिला तेरा-चौदा वर्षांत हे कोणी शिकवलं? शाळेने नाही.

अशी चिठ्ठी हातात आली की शिक्षकाला ती दडवता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशी गोष्ट कळलेल्या कोणीही पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर मुलांना तोंडपाठ असायला हवा, तो त्याच तासात सांगायचा असतो. अर्ज मंजूर झाला तर ही मुलगी त्या तासाला ग्राउंडवर बसलेली असेल.

आता आबांचं म्हणणं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते मला इथे बसून ऐकू येतंय, कारण आमच्या शेजारच्या आजीबाईही तेच म्हणायच्या : ‘आसं शिकाडशात तं पोरे बिघडी जातीन!’ शिकवलं की पोरं करून बघणार. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नका, आईबापाच्या काळजीतूनच येते ती. पण तिचं उत्तर आहे. युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये आणि मग सुधारून २०१८ मध्ये या शिक्षणाची मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट दिसलं की नीट शिकवल्याने मुलं लवकर त्या वाटेला जात नाहीत. उलट काही ठिकाणी उशिरा आणि जपून वागतात. नुसतं ‘करू नका’ एवढंच सांगणारे कार्यक्रम मात्र फुकट गेले.

आणि शिकवलं नाही तर पोरं कोरी राहतात, असं कोणाला वाटतंय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घराघरात स्मार्टफोन आला. केळीचे पैसे अडकलेले असतानाही लोकांनी हप्त्यावर घेतला. शाळा उघडल्या, फोन घरातच राहिला. त्यावर काय काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्या व्हिडिओंमध्ये बाई कधी नको म्हणत नाही आणि म्हणाली तरी तिचं कोणी ऐकत नाही. सहावी-सातवीच्या पोराचा पहिला धडा तो होतो. त्या मास्तरविरुद्ध गावाने अजून एकही अर्ज दिलेला नाही.

मुलग्यांचं मला जास्त सांगायचंय, कारण तुमच्या पत्रात मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धं वाक्य आलंय. आपल्याकडे असा कार्यक्रम झालाच तर कसा होतो? कुठल्या तरी कंपनीच्या ताई येतात, मुलींना हॉलमध्ये नेऊन दार लावतात, पाऊण तास पाळीवर बोलतात, एकेक पाकीट देतात. मुलांना क्रिकेट खेळायला सोडतात. मग मुली बाहेर आल्या की मुलं त्या पाकिटांवरून खिदळतात, आणि त्यांना हसू नये असं वाटावं यासाठी कोणी काही केलेलं नसतं. मुलगा झोपेत कपडे ओले झाले म्हणून घाबरलेला असतो. त्याला वाटतं आपल्याला काही रोग झाला, शक्ती चालली. त्या भीतीवर जगणारा केवढा धंदा आहे बघा : भुसावळहून रेल्वेने जाताना रुळांलगतच्या भिंती वाचा, एसटी स्टँडची मुतारी वाचा, बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसलेल्या जडीबुटीवाल्यासमोर मान खाली घालून उभं राहिलेलं पोरगं बघा. धातू जातो, कमजोरी येते, वंश चालणार नाही, हे ऐकून कापूस वेचणीच्या मजुरीचे पैसे त्या चूर्णात घातलेली मुलं मी बघितली आहेत. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं ते : बाळा, हा रोग नाही, या वयात होतंच.

तुम्ही बागाईतदार आहात म्हणून या भाषेत सांगते. करप्याची फवारणी तुम्ही केली आणि बांधापलीकडच्याने नाही केली, तर तुमची बाग किती दिवस सुरक्षित? तुमच्या मुलीला आई सगळं सांगेल, पण तिच्या मागच्या बाकावर जो मुलगा बसतो, ज्याच्या घरच्यांनी नकार लिहून दिला, त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. वर्ग त्याच्याबरोबर काढायचाय तिला. आणि तुमचा मुलगा कुणाच्या तरी मुलीच्या मागच्या बाकावर बसतोय, हेही ध्यानात असू द्या.

‘आमचे संसार झालेच ना’ असं तुम्ही म्हणता. झाले. पण एकदा वहिनींना विचारून बघा, पहिल्या वर्षी त्यांना काय काय ठाऊक होतं. उत्तर मला कळवू नका, तुमच्यापुरतंच ठेवा.

या मुद्द्यावर मला राग येतो तो असा. जे गाव तेरा वर्षांच्या मुलीला म्हणतं, ‘हे ऐकायला तू लहान आहेस,’ तेच गाव ती सोळाची झाली की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तिच्यासाठी स्थळ बघतं. ऐकायला लहान आणि नांदायला मोठी! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे पाचातली एक. आपल्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत, विशेषतः धुळ्याकडे, हे किती सर्रास चालतं ते लग्नपत्रिका वाटणाऱ्यांना विचारा. कायदा या बाबतीत आता कुणाची भीड ठेवत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच. अशी मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. मांडवात अक्षता टाकलेल्या माणसांना तेव्हा कळतं की नवऱ्या मुलावर गुन्हा दाखल होतोय.

लग्न नसलं तरी तेच. मुलगा एकोणीसचा, मुलगी सतराची, दोघांचं प्रेम, दोघं पळून गेली. मुलीच्या बापाने तक्रार दिली की पोक्सो लागतो. ‘तिची मर्जी होती’ हे अठराच्या आत कायदा विचारतच नाही. हा कायदा बरोबर की चूक, त्यावर वकील लोक भांडत बसू देत. पण तुमच्या मुलाला तो आहे हे माहीत असायला हवं की नको? जामिनासाठी कोर्टाच्या ओट्यावर बसलेल्या बापाला हे कळून काय उपयोग?

आणि तुमच्या वयाच्या माणसाला जळगावचं वासनाकांड आठवत असणारच. १९९४ साली उघडकीला आलं. मुलींना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, आणि त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा छळायचं. अख्ख्या राज्यात गाजलं, खास पोलीस अधिकारी नेमले गेले, आणि तरी पुढे येऊन बोलायला मुली धजेनात. बोललं तर अब्रू जाणार, तीही आपलीच. त्या काळात माझ्या ओळखीतल्या घरांनी त्यातून काय धडा घेतला? मुलीचं कॉलेज बंद, लग्न उरकून टाका. मुलांना कोणी काही म्हटलं नाही. त्या वेळी फोटो काढायला कॅमेरा, धुवायला स्टुडिओ लागायचा. आज नववीतल्या पोराच्या खिशात दोन्ही आहे. कुणी फोटो मागितला तर काय म्हणायचं, पाठवून बसली असेल तर कुणाकडे जायचं, कुणाचा आला तर पुढे ढकलणं हाही गुन्हा आहे, हे आठवीच्या वर्गात बोललं नाही तर कुठे बोलायचं? धमकी देणाऱ्याचं सगळं बळ एकाच गोष्टीत असतं : मुलगी घरी सांगणार नाही, याची त्याला खात्री असते.

‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ असं सभेत कोणीतरी म्हणणारच. त्यांना र. धों. कर्व्यांचं नाव सांगा. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत मराठीत मासिक चालवून लोकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच राहिलं. तेव्हा हा विषय बाहेरून आणून कुणी आपल्या डोक्यावर मारलेला नाही. मराठीत तो शंभर वर्षं चालू आहे, आणि विरोधही तेवढाच जुना.

अलीकडचा इतिहासही सांगून ठेवते. केंद्राने २००५ च्या सुमारास शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला, २००७ मध्ये आमदारांनी आक्षेप घेतले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. काही चित्रं खरोखरच त्या वयाला आणि आपल्या वर्गांना न शोभणारी होती, हे मी मान्य करते. पण चित्रं बदलायची सोडून विषयच गुंडाळला. पुढे २००९ मध्ये वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने म्हटलं की शाळेत लैंगिक शिक्षण नकोच, जे काय असेल ते अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात. दिल्लीत बसून हे लिहिणं सोपं आहे. आपल्याकडे किती मुली अकरावीला पोचतात, त्यातल्या किती सायन्स घेतात? नंदुरबारकडच्या, आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या पोरीने अकरावीच्या जीवशास्त्राची वाट बघत बसायचं का? आता वारं फिरलंय. सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सर्वंकष लैंगिक शिक्षणाचे कार्यक्रम राबवायला सुचवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं की नववीपासून नको, त्याच्या आधीपासून सुरू करा.

सक्तीच्या बाजूने एवढं बोलले, आता तुमच्या गावाच्या बाजूने बोलते. कारण अर्ज करणाऱ्यांचं सगळंच चुकीचं नाही. कोण शिकवणार, काय शिकवणार, दार लावून शिकवणार की उघडं ठेवून, हे विचारायचा आईबापाला पुरता हक्क आहे. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच, शिशुवर्गातल्या मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर ‘शाळेवर विश्वास ठेवा’ असं नुसतं कोणी म्हणू नये. शाळेने तो कमवावा.

म्हणून सही नाकारून नुसते घरी येऊ नका. दुसरा अर्ज लिहा. त्यात मागा की तास सुरू व्हायच्या आधी पालकांची बैठक घ्या, आया आणि बाप दोघांची, आणि जे पुस्तक, जी चित्रं, जे व्हिडिओ वर्गात दाखवणार ते सगळे आधी आम्हाला दाखवा. मुख्याध्यापकांना विचारा, आपल्या शाळेतले आरोग्यदूत शिक्षक कोण? २०२० पासून आयुष्मान भारत अंतर्गत शाळा आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात प्रत्येक शाळेचे दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, प्रशिक्षण देऊन तयार करायचे आहेत, आणि त्याच्या अकरा विषयांत वाढतं वय, भावना, स्त्री-पुरुष समानता, प्रजनन आरोग्य, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं येतं. तुमच्या शाळेतल्या त्या दोघांचं प्रशिक्षण झालंय की नावं फक्त कागदावर आहेत, ते कळू द्या. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, ती शेवटची कधी बसली तेही विचारा. विचारल्यावर मुख्याध्यापक पाण्याचा ग्लास मागवतील. मागवू द्या.

कंपनीच्या पाऊण तासावर भागवू नका म्हणावं. वर्षभरात थोडं थोडं, वयाप्रमाणे. पाचवी-सहावीला अंगाची नावं, वाढ, नको असलेला स्पर्श. आठवी-नववीला पुढचं. मुलं-मुली काही तास वेगळे, काही एकत्र. वेगळे तास मोकळं विचारता यावं म्हणून, आणि एकत्र अशासाठी की पाळी या गोष्टीला मुलांसमोर बोलता येतं हे दोघांनाही कळावं. आणि ती प्रश्नांची पेटी ठेवाच. हो, मुलींच्या संडासाला कडी आणि आत पाणी नसेल, तर ते आधी करून घ्या. नाहीतर पाळीवरचा तास संपला की पोरी पाळीच्या दिवसांत पुन्हा घरीच राहणार.

आता घरचं. वहिनी मुलीला सांगणार म्हणाल्या, हे चांगलंच आहे, सांगू द्या. पण आई काय सांगते ते आपल्याला माहीत आहे : कापड कसं घ्यायचं, डाग पडू द्यायचा नाही, देवाकडे जायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. त्यांनी यात एक भर घालावी. ‘तुला कोणीही, अगदी घरातल्या कोणीही, नको तसा हात लावला तर मला सांग. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन आणि तुझी शाळा बंद होणार नाही.’ शाळेचं वाक्य विसरू नका म्हणावं, मुली त्यालाच घाबरतात.

मुलाचं तुमच्याकडे. समोरासमोर बसून ‘चल, तुझ्याशी बोलायचंय’ असं करू नका, तुम्ही दोघंही पळून जाल. रात्रीच्या लाईटचा आठवडा असतो ना, मोटार सुरू करायला बागेत जाता. बिबट्याच्या भीतीने हल्ली कोणी एकटं जात नाही, मुलाला बरोबर न्या. अंधारात शेजारी-शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, चेहरे दिसत नाहीत. म्हणा, ‘दादा, तुझा आवाज आता फुटेल. अंगावर केस येतील. कधी झोपेत कपडे ओले होतील, घाबरायचं नाही, मलाही झालं होतं.’ एका रात्री एवढंच. दुसऱ्या रात्री फोनचं काढा : ‘फोनवर काही घाण दिसलं, कोणी पाठवलं, तर मला दाखव, मी फोन हिसकावून घेणार नाही.’ आणि हे वचन पाळा. तो ‘हं’ एवढंच म्हणेल. त्यावर नाराज होऊ नका, या वयात ‘हं’ म्हणजे ऐकलं. एखादा प्रश्न असा विचारला की उत्तर येत नाही, तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच विचारा. सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. तिथे मुलाला घेऊनही जाता येतं, आणि बापाने एकट्याने जाऊन विचारलं तरी कोणी हसत नाही.

राहिले आबा. त्यांना चारचौघांत खोडू नका. थोरल्या भावाला सभेत खोटं पाडलं की उद्या बांधावरची बोलणी बंद होतील आणि मुद्दा बाजूलाच राहील. शुक्रवारी रात्री त्यांच्या ओट्यावर जा. परवानगीच्या चिठ्ठीचं सांगा, ती कुणाकुणाच्या हातात पडेल तेवढंच, बाकी कर्वे नि युनेस्को राहू द्या. गावातली घरं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर एखादं घर येईलच. मग दुसरा अर्ज दाखवा आणि पालकांना साहित्य आधी दाखवण्याची जी मागणी आहे, ती सभेत आबांनीच मांडावी असं सुचवा. पहिली सही तिथेही त्यांचीच घ्या. दुसरी तुमची.